बिडाला लेझरची कठीण कातडी

चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना ब्रेक सारखा लागतो. ब्रेकचा ड्रम बहुधा बिडाचा. झिजलेला ड्रम लेझरने कडक करता येईल का, याचे उत्तर आम्ही येथे देत आहोत.

या पद्धतीत बिडावर क्रोमियमची पूड पसरून लेझरने वरचा पातळ थर वितळवतात. आतले थंड बीड उष्णता झटकन ओढते. बिडातल्या २ ते ४ टक्के कार्बनशी क्रोमियम मिळून कठीण कार्बाइड बनते. मात्र ग्राफाइट जळून छिद्रे पडतात, तडेही जातात. म्हणून माल आधी तापवावा, नंतर तपासावा.

नव्या रोलरला, साच्याला हे उपयोगी. पण झिजून गेलेली जाडी याने परत येत नाही. कारागीर बंधूंनो, मर्यादेपलीकडे झिजलेला ड्रम बदलाच; गिऱ्हाइकाचा जीव त्यावर आहे.