उसाच्या फोटोसाठी पाइपची काठी



ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर बरेच सभासद मोबाइलमधले फोटो घेऊन आमच्याकडे येत होते. फोटो खरे, नुकसानही खरे. पण बांधावरून काढलेला ऊस म्हणजे कोणाचाही ऊस! पाणी कुठवर चढले, ऊस किती फूट होता, आधीच्या महिन्यात प्लॉट कसा होता, काहीच कळेना. एका वयस्कर सभासदांनी विचारले, "साहेब, हा माझाच ऊस हाय एवढं तरी दिसतंय का ह्यात?" दिसत नव्हते. तेव्हापासून हा विषय आमच्या डोक्यात घोळत राहिला.

उपाय आपल्याच गोठ्याच्या माळ्यावर पडलेला आहे. पाइपलाइन करताना उरलेला ३२ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्यावा. सहा मीटरचा पाइप निम्मा कापला की जवळजवळ दहा फूट काठी मिळते. वरच्या टोकाला ४५ अंशाचा एल्बो, त्यात वीतभर तुकडा आणि त्यावर एन्ड कॅप बसवावी. कॅपच्या मधोमध भोक पाडून आतून बाहेर दोन सुती बोल्ट काढून वायसर-नट आवळावा. कॅमेऱ्याच्या बुडाला जे आटे असतात ते पाव इंचाचे, इंचाला वीस. मोबाइलची पकड मिळते तिलाही बहुधा तेच असतात. सहा मिलिमीटरचा बोल्ट दिसायला तसाच, पण आटे वेगळे. जबरदस्ती केली तर पकड वाया जाते. नटाबाहेर दोन सुतांपेक्षा जास्त बोल्ट ठेवू नये. कॅपला सोल्युशन लावू नका, बाजूने छोटा स्क्रू मारा, म्हणजे बोल्ट बदलता येतो.

आमची पहिली काठी उन्हात वाकली आणि मोबाइल नुकत्याच भिजवलेल्या सरीत पडला. मोबाइल आमचाच होता, म्हणून बोभाटा झाला नाही. पीव्हीसी तापला की नरमतो. त्यासाठी आत वेळूची बारीक काठी सारावी. खालचे दोन फूट मोकळे ठेवून एक आडवा स्क्रू मारला की वेळू खाली घसरत नाही. बाहेरून दर फुटाला तांबडा-पांढरा पट्टा रंगवावा.

आता मुख्य गोष्ट. प्लॉटच्या कडेला एक सळई ठोकून दीड फूट वर ठेवावी आणि ती हंगामभर हलवू नये. काठी तिच्यावर चढवायची. डुगडुगली तर सळईला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी. मोबाइलचे लोकेशन सुरू करून, दहा सेकंदांचा टायमर लावून, दर पंधरा दिवसांनी त्याच दिशेला फोटो काढावा. जागा तीच, उंची तीच, म्हणून फरक लगेच डोळ्यांत भरतो. खोडव्यातल्या तुटाळ्या बांधावरून झाकल्या जातात, वरून उघड्या पडतात. दोन फुटांहून मोठी तुटाळी दिसली की वेळेत रोपे लावता येतात. मध्येच पिवळा पट्टा दिसला तर आत जाऊन बेट उपटून पाहावे. सहज हातात आले आणि मुळ्या खाल्लेल्या असल्या तर हुमणी समजावी.

ऊस काठीच्या वर गेला की वरून पाहणे संपले. मग काठी उसाला लावून उभी करायची आणि बांधावरून फोटो घ्यायचा. पट्टे मोजले की उंची कळते, पूर आला तर पाण्याची खूणही. फोटो म्हणजे पंचनामा नव्हे, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पण पंचनाम्याला कोणी आले तर दाखवायला काहीतरी हाती असते.

विजेच्या तारांखाली मात्र काठी उभी करू नका. पाइप प्लॅस्टिकचा असला तरी आत वेळू आहे आणि ओला वेळू शॉक देतो. डोक्यावरून तार जात असेल तर सळई दुसऱ्या बांधाला ठोका.

नमुन्याची एक काठी गट ऑफिसला ठेवली आहे. पाहायला या, मापे घ्या. घरी न्यायला मिळणार नाही. मागची नेली ती अजून परत आलेली नाही.