दहावी ते पदवी : अभ्यासक्रमांचा सांधा

शिक्षण ही अखंड चालणारी प्रक्रिया आहे; परंतु तिची व्यवस्था मात्र टप्प्याटप्प्यांनीच करावी लागते. माध्यमिक, उच्च माध्यमिक आणि पदवी असे हे टप्पे होत. प्रत्येक टप्प्याचा अभ्यासक्रम आखणारी यंत्रणा निराळी, शिकविणारे शिक्षक निराळे आणि बहुधा परीक्षा घेणारेही निराळे. विद्यार्थी मात्र तोच असतो. एका टप्प्यावर जे शिकविले गेले, त्याच्यावर पुढचा टप्पा नीट उभा राहिला नाही, तर मधल्या पोकळीत सापडतो तो विद्यार्थीच. दहावीला उत्तम गुण मिळविलेला मुलगा अकरावीच्या पहिल्याच चाचणीत मागे पडतो. बारावी उत्तीर्ण झालेली मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षी ग्रंथालयात गेल्यावर नेमके काय वाचावे, या विवंचनेत पडते. अशा वेळी त्यांच्या बुद्धीला किंवा मेहनतीला दोष देणे सोपे असते. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा दोन अभ्यासक्रमांच्या सांध्यात असतो. म्हणूनच या सांध्याचा विचार शिक्षक, अधिकारी आणि पंचायतींचे सदस्य या सर्वांनी मिळून करणे अगत्याचे ठरते.

जुना प्रश्न, नवी रूपे

हा प्रश्न आजचा नाही. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८५९ मध्ये विद्यापीठाची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा घेण्यात आली. ही परीक्षा शाळेची नव्हती. विद्यापीठात प्रवेश देण्यासाठी विद्यापीठानेच लावलेली ती कसोटी होती. साहजिकच शाळांच्या वरच्या वर्गांचा अभ्यास विद्यापीठाच्या गरजेप्रमाणे बेतला गेला. त्यामुळे सांधा जुळला खरा. परंतु ज्यांना महाविद्यालयात कधीच जायचे नव्हते, अशा मुलांच्या गरजा बाजूला पडल्या.

१९१७ साली नेमलेल्या कलकत्ता विद्यापीठ आयोगाने, म्हणजेच सॅडलर आयोगाने, शाळा आणि विद्यापीठ यांमधील सीमारेषा मॅट्रिकपाशी नव्हे, तर इंटरमीजिएटपाशी असावी, असे सुचविले. मॅट्रिक झालेला विद्यार्थी विद्यापीठीय अभ्यासाला पुरेसा तयार नसतो, ही या शिफारशीमागील भूमिका होती. पुढे १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने इंटरमीजिएटचे एक वर्ष शाळेला आणि एक वर्ष पदवीला जोडण्याची सूचना केली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने सर्व देशासाठी जो आराखडा मांडला, त्यातून दहा, दोन आणि तीन वर्षांचा आकृतिबंध रूढ झाला.

महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षणाचे राज्य मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आले. नव्या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. त्यापूर्वी सर्वसाधारणपणे अकरा वर्षे शाळा व चार वर्षे महाविद्यालय अशी विभागणी होती. एकूण वर्षे पंधराच राहिली. बदलल्या त्या मधल्या रेषा. अकरावी व बारावीच्या वर्गांना ‘कनिष्ठ महाविद्यालय’ असे नाव मिळाले. काही ठिकाणी हे वर्ग माध्यमिक शाळांना जोडले गेले, तर काही ठिकाणी वरिष्ठ महाविद्यालयांना. पहिल्या ठिकाणी शाळेची शिस्त व शाळेची सवय चालू राहते. दुसऱ्या ठिकाणी पंधरा-सोळा वर्षांचे मूल एकदम महाविद्यालयाच्या मोकळ्या वातावरणात येते. नाव एक असले, तरी अनुभव दोन आहेत.

उंबरठा नेमका कोठे लागतो?

गणिताचे उदाहरण घेतल्यास ही अडचण स्पष्ट होते. दहावीच्या भूमिती विषयात त्रिकोणमिती येते, ती काटकोन त्रिकोणाच्या आधाराने. झाडाची किंवा मनोऱ्याची उंची काढण्यापर्यंत विद्यार्थ्याची मजल जाते. अकरावीच्या गणिताचा प्रारंभ कोन आणि त्याचे मापन यांपासून होतो. तेथे अंशाबरोबर रेडियन येते, कोन नव्वद अंशांच्या पलीकडे जातो, ऋणही होतो आणि त्रिकोणाची जागा वर्तुळ घेते. विषयाचे नाव तेच. परंतु कल्पना नवी. हा बदल कशासाठी, हे चार तास खर्च करून समजावून सांगितले नाही, तर विद्यार्थी सूत्रे पाठ करू लागतो. पाठांतराची ही सवय मग बारावीपर्यंत सुटत नाही.

एकाच इयत्तेतील दोन विषयांमध्येही असा सांधा निखळलेला आढळतो. राज्यात २०१९-२० पासून लागू झालेल्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात दुसरेच प्रकरण गणिती पद्धतींचे आहे. त्यात सदिश राशी आणि कलनशास्त्राची ओळख करून दिली आहे, कारण पुढील गतीच्या प्रकरणांत त्यांची गरज लागते. गणिताच्या पुस्तकात मात्र सीमा, सातत्य आणि विकलन ही प्रकरणे दुसऱ्या भागाच्या शेवटी येतात. म्हणजे भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला जे वर्षाच्या आरंभी हवे असते, ते गणिताचा शिक्षक वर्षाच्या अखेरीस शिकवितो. दोन्ही शिक्षक आपापल्या पुस्तकाशी प्रामाणिक असतात. गोंधळ विद्यार्थ्याच्या डोक्यात होतो.

वाणिज्य शाखेत पुस्तपालन व लेखाकर्म हा विषय बहुतेकांना अकरावीतच प्रथम भेटतो. दहावीच्या बीजगणितात अर्थनियोजनाच्या प्रकरणात वस्तू व सेवा कर आणि शेअर यांची माहिती येते. तिचा हात धरून लेखाकर्माकडे जाणे शक्य आहे. परंतु तसे क्वचितच केले जाते. कला शाखेत अडचण निराळी आहे. दहावीला ठरावीक धड्यावर कृती सोडविणाऱ्या विद्यार्थ्याला पदवीच्या वर्गात एकाच विषयावरील दोन-तीन ग्रंथ वाचून स्वतःचे मत मांडावे लागते. वाचणे, टिपणे काढणे, मुद्द्यांची जुळणी करणे ही कौशल्ये कोणत्याही एका पुस्तकाचा भाग नसतात. त्यामुळे ती शिकविण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

भाषेचा प्रश्न

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला विज्ञान शाखेत गेल्यावर एकाएकी इंग्रजी पुस्तके हाती घ्यावी लागतात. ‘त्वरण’ आणि ‘संवेग’ या कल्पना त्याला उत्तम ठाऊक असतात. परंतु त्याच कल्पना ‘ॲक्सिलरेशन’ आणि ‘मोमेंटम’ या नावांनी समोर आल्या की, आपल्याला काहीच येत नाही, असे त्याला वाटू लागते. अज्ञान विषयाचे नसते, नावाचे असते. गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविणाऱ्या सेमी-इंग्रजी वर्गांमुळे काही शाळांत ही अडचण कमी झाली आहे. मात्र सर्वत्र ती सोय नाही. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने विविध शास्त्रांचे परिभाषा कोश प्रसिद्ध केले आहेत. त्यांच्या आधारे प्रत्येक विषयातील शंभर-दीडशे शब्दांची मराठी-इंग्रजी यादी दहावीच्या शेवटच्या सत्रात विद्यार्थ्यांच्या हाती देता येईल. त्यास खर्च फारसा नाही, इच्छा हवी.

परीक्षेचे वजन

अभ्यासक्रम कागदावर कसाही असो, विद्यार्थी अभ्यास करतो तो परीक्षेच्या वजनाप्रमाणे. दहावी आणि बारावीची परीक्षा राज्य मंडळ घेते. अकरावीची परीक्षा कनिष्ठ महाविद्यालय स्वतः घेते. अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्र यांच्या प्रवेशासाठी राज्याची जी सामाईक प्रवेश परीक्षा होते, तिच्यात अकरावीच्या अभ्यासाला सुमारे २० टक्के आणि बारावीला सुमारे ८० टक्के भार देण्यात आला आहे. परिणामी अकरावी हे दोन मोठ्या परीक्षांमधील विसाव्याचे वर्ष समजले जाते. वास्तविक पदवीच्या अभ्यासाचा पाया याच वर्षी घातला जातो. तो कच्चा राहिला, की बारावीत घाई आणि पदवीच्या पहिल्या वर्षी नापासी, हा क्रम ठरलेलाच असतो.

सांधा जुळविणे म्हणजे ओझे वाढविणे नव्हे

अभ्यासक्रमांची जुळणी म्हणजे महाविद्यालयातील पाठ शाळेत खाली ढकलणे, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. या बाबतीत अमेरिकेतील एका प्रयोगाचा दाखला उद्बोधक आहे. १९३० च्या दशकात तेथील प्रागतिक शिक्षण संघटनेने तीस माध्यमिक शाळांना आपला अभ्यासक्रम स्वतः ठरविण्याची मोकळीक मिळवून दिली आणि सुमारे ३०० महाविद्यालयांनी या शाळांतील विद्यार्थ्यांसाठी आपल्या नेहमीच्या प्रवेशअटी शिथिल केल्या. पुढे या शाळांतील विद्यार्थ्यांची इतर शाळांतील तुल्य विद्यार्थ्यांशी तुलना करण्यात आली. अशा १,४७५ जोड्यांच्या अभ्यासातून दिसून आले की, प्रयोगातील विद्यार्थी महाविद्यालयात मागे पडले नाहीत. काही बाबतींत ते किंचित सरसच ठरले. ठरावीक विषयांची ठरावीक यादी पूर्ण करण्यापेक्षा विचार करण्याची व स्वतः अभ्यास करण्याची सवय अधिक उपयोगी पडते, हा या प्रयोगाचा बोध आहे. आपली परिस्थिती निराळी असली, तरी तो ध्यानात घेण्याजोगा आहे.

नवी चौकट आणि स्थानिक कार्य

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावी हा चार वर्षांचा एकच टप्पा मानला आहे. पदवीच्या रचनेतही एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी अशी सोय ठेवली आहे. यामुळे पदवीच्या पहिल्या वर्षाचे महत्त्व वाढते. मधूनच बाहेर पडण्याची वाट खुली असणे निराळे आणि अभ्यास झेपत नाही म्हणून बाहेर पडावे लागणे निराळे. पहिली सवलत आहे. दुसरी हानी आहे.

धोरणाची चौकट राज्य पातळीवर ठरते. परंतु सांधा प्रत्यक्ष जुळवावा लागतो तो गावात आणि तालुक्यात. त्यासाठी काही गोष्टी आहे त्या साधनांत करता येण्याजोग्या आहेत. तालुक्यातील दहावीचे व अकरावीचे विषयशिक्षक वर्षातून दोनदा एकत्र बसले आणि मुले कोठे अडतात याची नोंद त्यांनी केली, तर दोघांच्याही अध्यापनाला दिशा मिळेल. अकरावीच्या प्रारंभी गुण न देणारी एक चाचणी घ्यावी आणि तिच्यातील उणिवांनुसार पहिले दोन-तीन आठवडे उजळणीला द्यावेत. भौतिकशास्त्र व गणित यांच्या शिक्षकांनी वर्षाचे नियोजन एकत्र करावे. वरिष्ठ महाविद्यालयांनी प्रथम वर्षाचा अभ्यासक्रम परिसरातील कनिष्ठ महाविद्यालयांना पाठवावा व त्यांच्या शिक्षकांना वर्षातून एकदा चर्चेस बोलवावे. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनीही बारावीची पाठ्यपुस्तके समोर ठेवूनच प्रथम वर्षाची आखणी करावी.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांनाही येथे कार्य आहे. दहावीची परीक्षा मार्चमध्ये आटोपते आणि अकरावीचे वर्ग नियमित भरेपर्यंत पुष्कळदा तीन-चार महिने निघून जातात. या काळात गावातील वाचनालयात अकरावीची जुनी पुस्तके, शब्दकोश आणि रोजचे एक इंग्रजी वृत्तपत्र ठेवता येईल. गावातील पदवीधर तरुणांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांसाठी दिल्या, तरी अनोळखी विषयाची भीती पुष्कळशी कमी होते. कनिष्ठ महाविद्यालय दहा-पंधरा किलोमीटर दूर असल्यास एस. टी.च्या वेळा तासांच्या वेळांशी जुळतात किंवा नाही, हे पाहणेही तितकेच महत्त्वाचे आहे. सायंकाळची गाडी लवकर सुटते म्हणून ज्या मुलीचे प्रात्यक्षिकाचे तास बुडतात, तिच्यासाठी कोणताही सुधारित अभ्यासक्रम अपुराच ठरेल. अशा अडचणी एकत्र करून जिल्हा परिषदेतील माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत आणि आगार व्यवस्थापकांपर्यंत पोहोचविल्यास त्यांची तड लागू शकते.

अकरावीत मागे पडलेला विद्यार्थी सहसा तक्रार करीत नाही. तो विज्ञान सोडून देतो, किंवा शिक्षणच सोडतो, आणि ‘मला जमले नाही’ असे सांगतो. ग्रामीण भागातील घरात असे मूल पुष्कळदा त्या घरातील दहावीच्या पुढे गेलेले पहिलेच असते. त्याचे माघारी फिरणे धाकट्या भावंडांच्या वाटेवरही परिणाम करते. एका इयत्तेतील शेवटचा धडा आणि पुढील इयत्तेतील पहिला धडा यांच्यामध्ये एक लहानसा पूल बांधणे, एवढेच हे काम आहे. तो बांधण्यास दोन्ही काठांवरील माणसांनी हात लावला, तर अनेकांचे शिक्षण मध्येच थांबणार नाही.