मेहंदी, चित्रक आणि हायड्रोजन बंध

पेडणे व डिचोली तालुक्यांतील गावकऱ्यांना मेहंदी आणि चित्रक यांची ओळख नव्याने करून द्यावयास नको. मेहंदीचा पाला वाटून लावला तर तळवा रंगतो. चित्रकाचे ओले मूळ वाटून कातडीवर ठेवले तर फोड येतात. गुण इतके भिन्न असले, तरी दोहोंतील मुख्य द्रव्ये एकाच कुळातील आहेत. मेहंदीतील लॉसोन व चित्रकमुळातील प्लंबॅजिन ही दोन्ही नॅफ्थोक्विनोने होत. रक्त गोठण्यास आवश्यक असे के जीवनसत्त्वही याच कुळातले. इलेक्ट्रॉन घेणे व परत देणे, म्हणजेच क्षपण व ऑक्सिडीकरण, हा या कुळाचा स्वभाव होय.

दोन्ही रेणूंत ऑक्सिजनला जोडलेला एक हायड्रोजन असतो. तो जवळच्या दुसऱ्या ऑक्सिजनकडेही ओढला जातो. या ओढीस हायड्रोजन बंध म्हणतात. नेहमीच्या रासायनिक बंधाहून तो पुष्कळ दुर्बळ. तरीही स्फटिकात रेणूंनी कसे बसावे, हे ठरविण्यात त्याचा मोठा वाटा असतो. प्लंबॅजिनमध्ये हा हायड्रोजन आपल्याच रेणूतील ऑक्सिजनशी गुंतून पडतो. लॉसोनमध्ये तो शेजारच्या रेणूपर्यंत पोहोचतो व रेणू परस्परांना बांधले जातात. लॉसोन व त्याच्या संयुगांच्या स्फटिकांचा क्ष-किरणांनी अभ्यास पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात झालेला आहे.

परिणाम उघड दिसतो. प्लंबॅजिन सुमारे ७८ अंश सेल्सियसला वितळते व पाण्याच्या वाफेबरोबर उडून येते. लॉसोनला १९० अंशांपुढे तापवावे लागते. अर्थात सारे श्रेय बंधाला देणे योग्य नव्हे, कारण प्लंबॅजिनला एक मिथिल गट अधिक आहे. अक्रोडातील जुग्लोनशी तुलना अधिक न्याय्य ठरते. त्याचे रेणुसूत्र लॉसोनचेच, पण बंध अंतर्गत. तेही लॉसोनच्या बरेच आधी वितळते.

चित्रकमूळ वैद्य चुन्याच्या निवळीत भिजवून शुद्ध करतात. निवळीतील अल्क तो हायड्रोजनच काढून घेते, अंतर्गत बंध तुटतो, द्रव्य पाण्यात उतरते आणि निवळी तांबूस होते. शोधन केलेले मूळही वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊ नये. ते गर्भपातकारक असल्याने गर्भवती स्त्रीने तर मुळीच घेऊ नये.

शाळेत प्रयोगासाठी चित्रक वापरू नये, मेहंदी घ्यावी. वाळल्या पाल्याची पूड पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी. एका भागात लिंबाचा रस घातल्यास रंग फिका पिवळा होतो, दुसऱ्यात चुन्याची निवळी घातल्यास गडद नारिंगी.