लाखावर मैल पळालेली बॉक्स्टर घ्यावी का?

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. पोर्शेची हौस कॉलेजपासूनची. जवळच २००३ ची बॉक्स्टर विकायला आहे. साधी २.७ लिटरची, पाच गिअरची मॅन्युअल. १,१२,००० मैल पळाली आहे आणि मालक ९,५०० डॉलर मागतोय. त्याच सालची दुसरी फक्त ३१,००० मैल झालेली मिळतेय, पण साडेचौदा हजारांना. मित्र म्हणतात, लाखावर गेलेल्या स्पोर्ट्स कारच्या वाटेलाच जाऊ नकोस. काय करू? आणि पुढेमागे पुण्याला परतलो तर गाडी सोबत आणता येईल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं, म्हणून ते आधी : नाही. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि स्टिअरिंगही उजवीकडे लागतं. तुमची बॉक्स्टर दोन्हींत नापास. ती तिकडेच चालवायची आणि तिकडेच विकायची, असं धरून हिशेब करा.

आता मैलांचं. मित्रांचा सल्ला एरवी वावगा नाही, पण या गाडीला तो सरसकट लागू होत नाही. तुम्ही पाहिलेली गाडी वर्षाला सरासरी पाच हजार मैल फिरली, म्हणजे ती कुणीतरी नेमाने वापरली. ३१,००० वाली बहुधा झाकणाखाली उभी होती. उभ्या गाडीचं रबर वाळतं, सील कडक होतात, टायर नक्षी शाबूत असूनही निकामी होतात. (टायरच्या कडेवर ‘डीओटी’नंतरचे शेवटचे चार अंक बघा. २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३ वा आठवडा.) शिवाय या इंजिनाचं जे बदनाम दुखणं आहे, त्याला कमी वापर मानवत नाही, असा बऱ्याच मेकॅनिकांचा अनुभव आहे.

ते दुखणं असं. क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टांकडे नेणारा एक मधला दांडा या इंजिनात असतो, इंटरमीडिएट शाफ्ट. पोर्शेवाले त्याला आयएमएस म्हणतात. त्याच्या एका टोकाला ग्रीस भरून बंद केलेलं बेअरिंग बसवलंय. काळाने सील सैल पडतं, इंजिन ऑइल आत झिरपतं, ग्रीस धुऊन जातं आणि बेअरिंग कोरडं झिजत राहतं. ते फुटलं की साखळीचं टायमिंग चुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन भंगारात. दुसरं इंजिन घालायचं तर गाडीच्या किमतीहून जास्त खर्च, नाकापेक्षा मोती जड. सुरुवातीच्या गाड्यांत गोळ्यांची दुहेरी रांग होती, तुमच्या सालात एकेरी आहे. यावरून अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. मे २००१ ते फेब्रुवारी २००५ दरम्यान बनलेल्या गाड्या तिच्यात होत्या. त्या निमित्ताने पुढे आलेलं एकेरी बेअरिंग निकामी होण्याचं प्रमाण ८ ते १० टक्के होतं. म्हणजे बहुतेक गाड्या धडधाकट राहिल्या, पण डोळे झाकून घ्यावी इतकाही हा आकडा लहान नाही.

या बेअरिंगपर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून ते क्लचबरोबरच बदलतात. तेव्हा मालकाला पहिला प्रश्न हाच : क्लच कधी बदलला, आणि त्या वेळी बेअरिंग बदललं का? तोंडी उत्तर नको, बिल बघा. बिलावर दोन्ही असेल तर निम्मी काळजी मिटली. क्लच मूळचाच असेल तर तो आज ना उद्या जाणारच. दोन्ही कामांना मिळून तीन-चार हजार डॉलर धरा.

मग पोर्शेचं काम करणाऱ्या स्वतंत्र मेकॅनिककडे तपासणी. विकणाऱ्याच्या ओळखीतला नको. या गाडीला पुढे-मागे दोन डिक्या आहेत, पण इंजिन एकीतही दिसत नाही! ते सीटांच्या मागे दडलेलं असतं, त्यामुळे गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय काही कळायचं नाही. मेकॅनिकला ऑइल फिल्टर उघडायला सांगा. कागदाच्या घड्यांत धातूची चमकी दिसली तर तिथूनच घरी. शिवाय इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये इंजिन किती तास चाललं याची नोंद असते, ती काढून घ्या. मैलांना तासांनी भागा. समजा ३,५०० तास निघाले, तर ताशी ३२ मैल, पटण्याजोगं. भलताच आकडा आला तर ओडोमीटरशी कुणी खेळलंय का, हे मालकाला विचारायला हवं. चुकीचा गिअर पडून इंजिन मर्यादेबाहेर फिरलं असेल तर त्याचीही नोंद तिथेच सापडते.

काही गोष्टी तुम्ही स्वतः बघा. जाण्याआधी इंजिन सुरू करू नका म्हणून मालकाला बजावा, आणि पोचल्यावर हात लावून ते थंड असल्याची खात्री करा. थंड इंजिन सुरू होताना धुराचा एखादा भपका आला तर बिघडत नाही, या इंजिनाचे सिलिंडर आडवे असतात. पांढरा धूर थांबतच नसेल तर बहुतेक ऑइल सेपरेटर गेलाय. टप जिथे घडी होऊन बसतो तिथल्या पाणी निचरायच्या नळ्या पानांनी तुंबतात आणि पाणी थेट सीटखाली उतरतं. तिथेच इमोबिलायझरचा कंट्रोल युनिट आहे. गालिचा उचलून हात फिरवा, ओल किंवा कुबट वास असेल तर गाडी सुरूच न होण्याचा दिवस लांब नाही.

माझा कौल १,१२,००० वालीला, पण बिलांची फाइल असेल तरच. फाइल असेल तर आठ-साडेआठपर्यंत घासाघीस करा आणि पहिल्या वर्षासाठी दोनेक हजार बाजूला ठेवा. फाइल नसेल, पण फिल्टर स्वच्छ असेल, तर क्लच आणि बेअरिंगचे पैसे वजा करून साडेपाच-सहा हजार सांगा. मालक हसला तर हसू द्या. २००३ ची बॉक्स्टर ही काही दुर्मीळ चीज नाही, दुसरी मिळेल.