गव्हाण ही खूण : नाताळचा पाठ

शास्त्रभाग : लूक 2:1–20, फिलिप्पैकरांस पत्र 2:5–8

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज लोकांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आला व घाट चढून गोदावरीकाठच्या खेड्यांपर्यंत पोचला. त्याचा अर्थ ‘जन्म’ इतकाच. हा जन्म कोणत्या दिवशी झाला हे शास्त्रात सांगितलेले नाही. रोम शहरात इ. स. 354 साली तयार झालेल्या एका पंचांगात 25 डिसेंबर ही तारीख आढळते. हे ऐकून कित्येक शिकलेले तरुण गोंधळात पडतात. त्यांनी तसे पडण्याचे कारण नाही. लूक तारीख देत नाही हे खरे, परंतु जागा तो एकदा नव्हे, तीनदा सांगतो. मरीयेने बाळाला गव्हाणीत ठेवले. देवदूताने मेंढपाळांस गव्हाणीची खूण सांगितली. आणि मेंढपाळ धावत आले तेव्हा बाळ त्यांस गव्हाणीतच सापडले. लेखक जो शब्द इतक्या थोड्या ओळींत तीनदा उच्चारतो, त्यापाशी वाचकाने थांबावयास नको काय?

आपण थांबत नाही, कारण ती गोष्ट आपल्याला पाठ आहे, असे आपण म्हणतो. मला हे कारण पुरेसे वाटत नाही. आईला आपल्या मुलाचा चेहरा पाठ असतो, म्हणून त्याचे कौतुक तिला कमी होत नाही. खरे कारण असे की, गव्हाण आपण आपल्या अंगणातून उचलली आणि दूरदेशीच्या चित्रात नेऊन ठेवली. त्या चित्रात बर्फ आहे, आपल्याकडे न उगवणारे झाड आहे, गोऱ्या बाळाच्या डोक्याभोवती सोनेरी वलय आहे. असे चित्र भिंतीवर शोभते. पण त्यातील गव्हाणीला कडब्याचा वास येत नाही. इटलीत 1223 साली ग्रेचो नावाच्या गावी फ्रान्सिस ह्या भक्ताने खरा बैल, खरे गाढव व खरे गवत आणून लोकांना नाताळची रात्र दाखविली. कारण तेथील लोकांनाही ती दिसेनाशी झाली होती.

बिडकीन व आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील मंडळ्यांना मात्र ही गोष्ट समजणे सोपे असावे. पॅलेस्टाईनातील खेडुतांची घरे आपल्या जुन्या माळवदाच्या घरांसारखीच मातीच्या सपाट छपराची असत. एकाच छपराखाली उंचवट्यावर माणसे निजत व खालच्या भागात रात्री जनावरे बांधीत, मध्ये गव्हाण. आपण ‘उतारशाळा’ म्हणून वाचतो तो लूकचा शब्द शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठीही आला आहे. प्रवाशांच्या खाणावळीसाठी, चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, तो निराळा शब्द वापरतो. म्हणून पुष्कळ अभ्यासकांचे मत असे की, योसेफ व मरीया कोणा घरी उतरली, पाहुण्यांची खोली भरलेली होती आणि बाळंतपण गोठ्याच्या बाजूला झाले. दार लावून घेणारा निर्दय खाणावळवाला नाटकात नेहमी असतो. लूकमध्ये तो कोठेच नाही. घर दुष्ट लोकांचे नव्हते, भरलेले होते.

बेथलेहेम ह्या इब्री नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’. ज्वारीच्या मुलुखात राहणाऱ्या आपणांस ह्याहून गोड नाव कोणते? भाकरीच्या घरी, जेथे जनावरे आपला चारा खातात त्या जागी, जगाची भाकर निजविलेली होती. राजपुत्रास पाळणा शोभतो, पण पाळण्यात कोणी खावयास येत नाही. गव्हाणीकडे भुकेलाच येतो.

आता मेंढपाळ. डिसेंबरात कापसाची वेचणी चाललेली असते, तुरीला शेंगा असतात, आणि ज्या रानातले पीक निघाले तेथे धनगर आपल्या मेंढ्या बसवितात. खतासाठी शेतकरी त्यांस बोलावितो, धान्य देतो. तरी रात्री तो घरी निजतो व धनगर उघड्यावर जागतो. हेच लोक देवदूताने निवडले. आणि त्यांस खूण कोणती दिली? दिव्य तेज? सिंहासन? बाळंत्याने गुंडाळलेले मूल. बाळंते तर प्रत्येक घरी असते! येथे विश्वासाचे मर्म आहे. आकाशात प्रकाश दिसला तेव्हा विश्वासाची गरज नव्हती. भीतीच पुरेशी होती. गोठ्यात पोचल्यावर प्रकाश नव्हता, गायन नव्हते, एक थकलेली आई व एक तान्हे मूल होते. ह्यालाच तारणारा म्हणावे, हे डोळ्यांनी सांगितले नाही. जे ऐकले होते ते खरे मानून त्यांनी पाहिले, आणि तेव्हाच ते आश्चर्य पावले. नंतर ते त्याच मेंढरांकडे परत गेले.

आपल्या पैठणच्या एकनाथांची गोष्ट येथे सर्वांस ठाऊक आहे. तापलेल्या वाळूत रडणारे, अस्पृश्य मानलेल्या घरचे मूल त्यांनी कडेवर घेतले व घरी पोचविले, असे सांगतात. त्या कृतीपुढे चारशे वर्षे महाराष्ट्र मस्तक लववितो, आणि ते योग्यच आहे. शुभवर्तमान त्याच्याही पलीकडचे काही सांगते : येथे मुलाला उचलणारा वरून वाकला नाही, तो स्वतःच वाळूतले मूल झाला. फिलिप्पैकरांच्या पत्रात पौल हेच लिहितो. देवपणास चिकटून न राहता त्याने आपणास रिकामे केले व दासाचे रूप घेतले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारशी कुळातून ख्रिस्ती झालेले रेव्ह. रत्नजी नवरोजी औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने हे शुभवर्तमान सांगत असत. त्या काळी ह्या भागात ते ज्यांनी स्वीकारले, त्यांतील पुष्कळांची घरे वेशीबाहेर होती. ‘जागा नव्हती’ ह्या शब्दांचा अर्थ त्यांस कोणी फोड करून सांगावा लागला नसेल.

मग त्यांच्या पणतवंडांना तो का सांगावा लागावा? नवे कपडे नाहीत म्हणून नाताळच्या उपासनेस न येणारी कुटुंबे आपल्या मंडळ्यांत आहेत. रोषणाई व वाजंत्रीसाठी सावकाराचे कर्ज काढणारीही आहेत. एकास लाजेने दूर ठेवणारा व दुसऱ्यास कर्जात बुडविणारा सण बाळंत्यातल्या बाळाचा कसा म्हणावा? आणि मराठवाड्यातील हजारो कुटुंबे ह्याच दिवसांत ऊसतोडीसाठी दूर गेलेली असतात. पाचटाच्या कोपीत, बैलांच्या शेजारी, त्यांच्यातही बाळे जन्मतात. मंडळीच्या पंचांनी सजावटीची वर्गणी मागण्याआधी, आपल्यातील कोण कोणत्या फडावर आहे ह्याची यादी करावी व नाताळच्या रात्री त्यांस फोन लावून हा शास्त्रभाग ऐकवावा.

पालकांस आणखी एक सुचवितो. 29 सप्टेंबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बिडकीन औद्योगिक क्षेत्राचे लोकार्पण झाले. त्याचा विस्तार 7,855 एकर आहे. रोजगार येईल तो चांगलाच. पण शेत गेले की बैल जातात, बैल गेले की गोठा मोडतो, आणि गव्हाण म्हणजे काय हे मुलास चित्रावरून शिकवावे लागते. ज्यांचा गोठा अजून उभा आहे त्यांनी 24 डिसेंबरच्या रात्री कंदील घेऊन शेजारची मुलेही तेथे न्यावीत, लूकचा दुसरा अध्याय विसाव्या ओवीपर्यंत सावकाश वाचावा, आणि वाचन चालले असता मुलांना गव्हाणीच्या कडेवर हात ठेवू द्यावा.