गाडी थांबली की पगारही थांबतो का?

बारावीच्या निकालानंतर मुलगा म्हणतो, ‘मला ट्रक चालवायचाय,’ आणि घर गप्प होतं. आईच्या डोळ्यांसमोर घाटात उलटलेली गाडी येते. वडिलांना सोयरिकीला आलेले पाहुणे दिसतात, ‘मुलगा काय करतो?’ असं विचारणारे. मुलगा तोवर कन्याकुमारी ते जम्मू फिरून आलेला असतो, मनातल्या मनात. तिघांच्याही डोक्यात एकच ट्रक असतो, लाइनवर जाणारा आणि पंधरा-वीस दिवस घराचं तोंड न पाहणारा. महाराष्ट्रातले कितीतरी ट्रक रोज रात्री आपल्याच तालुक्यात येऊन उभे राहतात, हे त्या बोलण्यात कुणाला आठवत नाही.

आधी लाइनचा हिशेब मांडू. भिवंडीच्या गोदामातून माल भरून गुवाहाटीला जायचं तर एका बाजूचं अंतर पावणेतीन हजार किलोमीटरच्या आसपास भरतं. ई-वे बिलाच्या नियमात साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे नुसत्या जाण्यासाठी कागदावरच चौदा दिवस. परतीचं भाडं मिळेपर्यंत तिकडे किती थांबावं लागेल, ते कुठल्याच कागदावर नसतं. पुष्कळ मालक फेरीचा खर्च ठोक देतात. डिझेल, टोल, जेवण, पंक्चर सगळं त्यातूनच भागवायचं आणि उरेल ते ड्रायव्हरचं. पहिल्या काही फेऱ्यांत हातात आलेली रक्कम पाहून मुलगा हरखतो. ती दिवसांनी भागून पाहायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं. वाटेत गाडी बिघडली, माल उतरवून घ्यायला तीन दिवस लागले, तर ते तीन दिवस त्याच्याच खिशातून जातात.

नॅशनल परमिटच्या गाडीवर पूर्वी दोन चालक सक्तीचे होते. २०१८ मध्ये ती अट काढून टाकली गेली. काही मालक आजही दोघांना पाठवतात, पण जिथे एकटाच जातो तिथे झोप हाच सगळ्यात मोठा प्रश्न असतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकासाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले होते आणि लांब पल्ल्यासाठी १० आणि ५४ तासांपर्यंत मुभा ठेवली होती. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांतीही त्यात होती. मात्र तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. आपल्याकडे बरेच ट्रक एक-दोन गाड्यांच्या मालकांचे असल्यामुळे ते नियमाच्या बाहेरच राहिले. आता हा कायदा नव्या कामगार संहितेत सामावला गेला आहे. मुलाला कुठे चिकटवायचं हे ठरवताना मालकाकडे गाड्या किती आहेत आणि माणसं किती, हे विचारण्यामागचं कारण हेच आहे.

म्हणून लोकल, म्हणजे रोज आपल्याच टापूत परतणाऱ्या गाडीचं काम, ही मजा आहे, असं कुणी समजू नये. लोकलमध्ये क्लच दाबून पाय भरून येतो. शहरात गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी असते, त्यामुळे पहाटे चारला गाडी काढावी लागते किंवा नाक्याच्या अलीकडे ताटकळत बसावं लागतं. अरुंद गल्लीत गाडी मागे घेणं, हमाल येईपर्यंत थांबणं, चलानावर सही-शिक्का मिळवणं हे दिवसातून पाच-सहा वेळा होतं. रिव्हर्स शिकायचा असेल तर यासारखी शाळा नाही. वर्षभर लोकल केलेल्या पोराच्या हातात गाडीचा अंदाज पक्का बसलेला असतो.

लोकलमध्येही प्रकार आहेत आणि ते नीट पाहायला हवेत. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून निघालेले कंटेनर आसपासच्या फ्रेट स्टेशनांपर्यंत नेणारे ट्रेलरवाले दिवसभर वीस-तीस किलोमीटरच्या टापूतच फिरतात. अंतर कमी असलं तरी बंदराच्या गेटवर रांग लागली की तास कसे जातात ते कळत नाही. इथे पैसे फेरीवर मिळत असतील तर रांगेतला वेळ फुकट जातो आणि महिन्याचा पगार असेल तर तोच वेळ नोकरीत धरला जातो. काम एक, रस्ता एक, पण महिनाअखेरीचा आकडा वेगळा. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत सुटे भाग ठरलेल्या वेळेला पोहोचवणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक घट्ट असतं. उशीर चालत नाही, पण घरी केव्हा पोहोचणार हे सकाळीच माहीत असतं. ज्या मुलाला संध्याकाळच्या कॉलेजात किंवा मुक्त विद्यापीठात शिकत राहायचंय, त्याच्यासाठी हे काम सोन्यासारखं आहे.

लाइन आणि लोकल यांच्या मधला पट्टा म्हणजे एका रात्रीचा पल्ला. कोल्हापूरचं दूध मुंबईला, लासलगावचा कांदा बंदराला, पुण्याचा माल भिवंडीला. रात्री निघायचं, पहाटे माल उतरवायचा, झोप काढून परत यायचं. आठवड्यातल्या काही रात्री तरी घरच्या अंथरुणावर मिळतात आणि कमाईही शहरातल्या फेऱ्यांपेक्षा सहसा बरी असते. मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलांनाही अशी कामं आवाक्यात आली आहेत. त्या सरळ रस्त्यावर पहाटे येणारी ग्लानी मात्र गंभीरपणे घ्यायला हवी. रात्रीचं काम ज्याच्या शरीराला मानवत नाही, त्याने कितीही पैसे मिळाले तरी हे धरू नये.

शिकलेल्या मुलाने आवर्जून पाहावं असं एक क्षेत्र आहे टँकरचं. मनमाडजवळच्या पानेवाडीसारख्या डेपोतून पेट्रोल-डिझेल आसपासच्या जिल्ह्यांतल्या पंपांवर जातं. असा धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला लायसन्सवर वेगळी नोंद लागते, तिच्यासाठी तीन दिवसांचं खास प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि नियमानुसार एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवी. साध्या ट्रकसाठी असलेली आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली, इथे मात्र अक्षरओळख अजूनही कामाची ठरते. टँकरवरचं धोक्याचं चिन्ह आणि रसायनाचा क्रमांक ज्याला वाचता येतो, तो आग लागली तर काय करू नये हेही जाणतो. बारावी ‘वाया गेली’ म्हणणाऱ्या आईवडिलांना हे आवर्जून सांगायला हवं.

मुलींच्या बाबतीत तर लोकल आणि एका दिवसाच्या पल्ल्याचा विचार आधी व्हावा. मूळच्या नंदुरबारच्या, वकिलीची पदवी घेतलेल्या योगिता रघुवंशी पतीच्या निधनानंतर भोपाळहून लांबच्या मार्गावर ट्रक नेऊ लागल्या, आणि त्यांच्याबद्दल देशभर लिहिलं गेलं. त्यांचं धाडस मोठंच आहे. पण महामार्गावर स्वच्छ शौचालय आणि सुरक्षित विसावा मिळेलच याची खात्री नसताना एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीने सुरुवातच तिथून करावी, असं कुणी सुचवू नये. ठरलेल्या गोदामातून ठरलेल्या दुकानांकडे जाणारी हलकी मालगाडी ही जास्त शहाणी पहिली पायरी आहे.

आता लायसन्स. कारचं, म्हणजे हलक्या वाहनाचं, अठराव्या वर्षी निघतं. मालवाहू वाहन चालवायला कायद्याने २० वर्षं पूर्ण लागतात, आणि जड वाहनाच्या शिकाऊ लायसन्सआधी हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष हातात असायला हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलं की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडीही चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. हा वाद विमा कंपन्यांनी नेला होता, कारण अपघातानंतर ‘लायसन्स चुकीचं’ म्हणून भरपाई नाकारली जात होती. शहरात दिसणारे छोटे टेम्पो बहुतेक याच वजनात बसतात. म्हणून लोकलची सुरुवात स्वस्तात होते. जड गाडीचं शिक्षण मात्र गल्लीतल्या ओळखीच्या माणसाकडून घेऊ नये. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात ते ३८ तासांचं असतं, सहा आठवड्यांत संपतं आणि त्यात प्रत्यक्ष चालवण्याचे २२ तास असतात. फी भरण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. रंगांधळेपणा तीव्र असेल तर वैद्यकीय दाखल्यावरच गाडं अडतं.

नोकरी घेताना विचारायचे प्रश्न थोडे आहेत, पण ते लाजून टाळले जातात. पगार महिन्याचा की फेरीचा? गाडी बंद पडली किंवा रांगेत उभी राहिली तर त्या दिवसाचे पैसे कोण देतो? भत्ता बाहेर काढलेल्या रात्रींवर मिळतो की किलोमीटरवर? पीएफ कापला जातो का? माल कमी भरला किंवा फुटला तर वसुली कुणाकडून? गाडीचा विमा, फिटनेस आणि पीयूसी चालू आहे का? शेवटचा प्रश्न विचारल्यावर जो मालक चिडतो, त्याच्याकडे मुलाला ठेवू नये. २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे, तेव्हा गाडी कोणत्या सालची हेही बघावं. विदर्भातल्या मे महिन्यात केबिन म्हणजे भट्टी असते.

अठरा ते वीस ही दोन वर्षं रिकामी जातात अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तो केलेला ड्रायव्हर रस्त्यात इंजेक्टरची हवा काढू शकतो, आणि पुढे पाठ दुखायला लागली तर वर्कशॉपचं दारही त्याला उघडं असतं. जड वाहनाचं लायसन्स आणि काही वर्षांचा अनुभव एसटी, महापालिका, अग्निशमन दल यांच्या चालक भरतीतही उपयोगी पडतो. तिथल्या अटी जाहिरातीगणिक बदलतात, म्हणून प्रत्येक जाहिरात नीट वाचावी.

याच दोन वर्षांत बापलेकांनी एकदा पहाटे पाचला जवळच्या मार्केट यार्डात जावं. तिथे दोन्ही तऱ्हेचे ड्रायव्हर भेटतात. एकाच्या केबिनमध्ये घरून आणलेला डबा लटकत असतो, तर दुसरा चाकाच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून भात शिजवत असतो. दोघांना चहा पाजावा, आणि गेल्या महिन्यात किती रात्री घरी झोपलात आणि हातात किती पडले, एवढंच विचारावं. मुलाने वही सोबत न्यावी आणि दोन्ही आकडे तिथेच शेजारी शेजारी लिहून ठेवावेत.