म्हातारपणाची कपात



उसाच्या बिलातून सोसायटीचे कर्ज कापले जाते, शेअर्सचे पैसे कापले जातात. म्हातारपणाची कपात मात्र होत नाही. नोकरदाराला साठीनंतर पेन्शन आहे. शेतकऱ्याला काय? आपल्या भिवापूर भागात मिरचीवाल्याला विचारा की ऊसवाल्याला, उत्तर एकच : “पोरं बघतील.” पण पोरांचाही संसार असतो. औषधपाण्यासाठी दर वेळी हात पसरणे कोणाला आवडेल?

या प्रश्नाचा अभ्यास सेबीचे पहिले अध्यक्ष डॉ. सुरेंद्र दवे यांच्या समितीने केला. तिचा अहवाल २००० साली आला. देशातील दहा कष्टकऱ्यांत जेमतेम एकालाच पेन्शनचा आधार आहे, असे समितीला दिसले. कमावत्या वयात रोज तीन ते पाच रुपये बाजूला टाकले, तर बहुतेकांना म्हातारपणीची गरिबी टाळता येईल, असे तिने त्या वेळच्या भावाने सांगितले. याच विचारातून पुढे राष्ट्रीय पेन्शन योजना आली. २००४ पासून ती केंद्राच्या नव्या नोकरदारांना लागू झाली आणि २००९ पासून सर्वांना खुली झाली.

एवढ्याशा पैशाने काय होणार, असे वाटेल. हिशेब करून पाहू. महिना १०० रुपये, व्याज ८ टक्के धरा. पंचविसाव्या वर्षी सुरुवात केली तर साठीपर्यंत भरणा ४२ हजार आणि जमा सुमारे २ लाख २९ हजार. चाळिसाव्या वर्षी सुरुवात केली तर भरणा २४ हजार आणि जमा फक्त ५९ हजारांच्या आसपास. भरण्यात फरक १८ हजारांचा, हाती येण्यात १ लाख ७० हजारांचा! ही चक्रवाढ व्याजाची करामत. लागवड उशिरा झाली की उतारा घटतो, तसेच हे.

दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांसाठी २०१९ पासून प्रधानमंत्री किसान मानधन योजना आहे. वय १८ ते ४० असावे. अठराव्या वर्षी महिना ५५, एकोणतिसाव्या वर्षी १००, चाळिसाव्या वर्षी २०० रुपये भरायचे. सरकारही तेवढेच घालते. साठीनंतर महिना ३,००० रुपये मिळतात. पेन्शनधारकामागे पती वा पत्नीला निम्मे मिळतात. आयकर भरणाऱ्यांना ही योजना नाही.

चाळिशी उलटली असेल तर राष्ट्रीय पेन्शन योजनेची चौकशी बँकेत करा. घरातल्या तरण्या पोरांना आणि सुनांना मात्र बचत आजच सुरू करायला लावा. जमीन त्यांच्या नावे करण्याची घाई नको. आधी आपल्या साठीनंतरची सोय लावा. यंदाचे बिल हाती पडेल, त्या दिवशी ही एक कपात स्वतःच्या हाताने करा.